इंजिनात पाणी गेलं नव्हतं, शालिक

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं, मग लोक एकेक करून तुझ्याबद्दल बोलायला उठले आणि जे होणार हे मला ठाऊक होतं तेच झालं. तुझ्या भाच्यानं नाल्याची गोष्ट काढली. हातवारे करून सांगू लागला, "नाला आला का मामांची गाडी बंद. चपला हातात, पँट गुडघ्यावर, आन् गाडी ढकलत पलीकडे. पाणी किती, तर कोंबडी बुडणार नाई एवढं." सगळा मांडव हसला. कुंदावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मीही हसलो, शालिक. इतकी वर्षं हसत आलो, तसाच.

नंतर माझं नाव पुकारलं. तुझ्याबरोबर सगळ्यात जास्त नोकरी मी केली, तेव्हा मी बोलणं भागच होतं. उभा राहिलो, साधा माणूस होता, मदतीला धावणारा होता, असं काहीतरी बोललो आणि बसलो. ते कोणाच्याही पुण्यानुमोदनाला चाललं असतं. तुझी लेक प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. तुझ्या आठवणींची एक छोटी पुस्तिका ती काढते आहे. म्हणाली, काका, तुम्ही इथे काही बोलला नाहीत, निदान लिहून द्या.

तर हे तिच्यासाठी लिहितो आहे. पण बोलतो आहे तुझ्याशी, कारण जे सांगायचं आहे ते आधी तुला सांगायला हवं होतं.

भामरागडच्या त्या गुरांच्या दवाखान्यात आपण दोघं पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो तेव्हा आपल्याला मिशाही धड आलेल्या नव्हत्या. तू कुरखेड्याचा, मी चंद्रपूरच्या बाजूचा. टिनाच्या छपराची एकच खोली दोघांत. पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या शिपायानं आपल्याला बजावलं होतं, इथी मृगाच्या आधी सारं भरून ठेवा लागते. पर्लकोटा नदी चढली का भामरागडचं जगाशी नातं तुटलं. तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, रॉकेल, आगपेट्या, वाळलेली मासोळी, आणि आपल्या कामाची औषधं. जे संपलं ते दिवाळीपर्यंत संपलं.

तुझ्यावर त्या बोलण्याचा काही परिणाम झाला नाही. तू म्हणायचास, मीठ संपलं तर शेजारी आहेच की. मी मात्र भरून ठेवण्याच्या मागेच लागलो. डबे गळ्यापर्यंत भरायचो, झाकण लागेना तर ठोकून लावायचो. कंदिलात रॉकेल इतकं की उचलला की हातावर सांडायचं. रात्री झोपण्याआधी भरलेल्या डब्यांकडे पाहिलं की मला समाधान वाटायचं. तू खाटेवर पडून म्हणायचास, "का गा मदू, तुले पोटातही रॉकेल भरून ठेवाचं आहे का?"

मग तुझी गाडी आली. तुझ्या घरातली पहिली मोटारसायकल, काळी, टाकीवर लाल पट्टा. वडसा स्टेशनापर्यंत तुझे वडील ती पाहायला आले होते आणि तिच्यावर बसले मात्र नाहीत, नुसता हात फिरवला. तू ती भामरागडपर्यंत चालवत आणलीस. अंगावर इतकी धूळ की शिपायानं तुला आधी ओळखलंच नाही.

त्या गाडीवर आपण जे हिंडलो ते आठवलं की अजून हसू येतं. मोहफुलांच्या दिवसांत वाटेवर इतका गोड वास असायचा की तू मुद्दाम हळू चालवायचास. आणि नाला दिसला की मुद्दाम जोरात. "पाय वर घे" एवढं ओरडायचास आणि आपण दोघं पाय हवेत धरून पाण्यातून जायचो. दोन्ही बाजूंनी पाणी उडायचं. मागे बसलेल्या माझ्या पाठीवरची लशीची पेटी डुचमळायची, मी तुला शिव्या द्यायचो आणि तू पलीकडे गेल्यावर विचारायचास, पुन्हा एकदा जाऊ का? एकदा खरंच परत फिरलास. ज्या माणसाला नंतर सगळ्यांनी पाण्याला भिणारा म्हणून ओळखलं, तो असा होता. परवा मांडवात हसणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

आता त्या वर्षाचं सांगतो.

मृगाला थोडे दिवस होते. प्रज्ञाच्या वेळेस वहिनींचे दिवस भरत आले होते, म्हणून तू कुरखेड्याला गेलास. बसनं गेलास, गाडी माझ्याजवळ ठेवलीस. जाताना म्हणालास, "पावसाच्या आधी ऑइल बदलून टाकजो. आन् रोज एकडाव सुरू करत जाजो, नाई तर रुसते." ऑइलचा डबा तू आधीच आणून ठेवला होतास.

मी अगदी मन लावून बदललं. खालचा नट खोलून काळं ऑइल काढलं, नट घट्ट बसवला, नवं ओतलं. गाडीच्या मधल्या स्टँडची स्प्रिंग तुटलेली, म्हणून गाडी बाजूच्या स्टँडवर डाव्या अंगाला झुकलेली होती. ऑइल पाहायची काडी काढून पाहिली तर ऑइल खूण सोडून खाली. पुन्हा ओतलं. पुन्हा पाहिलं. तरी खालीच वाटलं. गाडी झुकली की ऑइल एका बाजूला जातं, काडी उजव्या अंगाला असते, ती कमीच दाखवणार. आज हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा सुचलं नाही. काडीवर खूण गाठली तरी मी थांबलो नाही. मनात आलं, आता चार महिने इथे ऑइल कुठून मिळणार? पाऊसभर तुझी गाडी चालली पाहिजे. डब्यात उरलेलं होतं तेही घातलं. मिठाच्या डब्यासारखं तुझं इंजिन मी गळ्यापर्यंत भरून ठेवलं आणि त्या दिवशीही मला तसंच समाधान वाटलं.

रोज सुरू करायला सांगितलं होतंस, तेवढं मात्र जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला हिवताप भरला. तू परत आलास तेव्हा मी गोधडीत कुडकुडत होतो. मुलगी झाली म्हणून तू पेढ्यांऐवजी बुंदी आणली होतीस. ती माझ्या तोंडात कोंबलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या थर्मासमध्ये गुरांच्या घटसर्पाची लस भरून नदीपलीकडच्या गावाला निघालास. पुढे तुझा मित्र झालेल्या माडिया मासाच्या गावाला. पाऊस तोंडावर होता, ते गाव तेवढंच राहिलं होतं.

मी खाटेवरूनच ऐकलं, गाडी सुरू होईना. बऱ्याच किकांनंतर सुरू झाली आणि अंगणभर निळसर पांढरा धूर झाला. तू आत डोकावून विचारलंस, काय केलं रे हिला? मी म्हणालो, नवं ऑइल आहे, थोडा धूर मारेल, जाईल. तेव्हा मला खरंच तसंच वाटत होतं. एवढ्यापुरता मी खोटा नव्हतो.

पुढचं तूच सांगितलेलं. पर्लकोटा उतरलेली होती, तिच्या वाळूतून गाडी कशीबशी काढलीस. गाडी जड चालत होती. मग तो पलीकडचा नाला आला आणि नेहमीसारखा तू जोरात घातलास. एकटाच होतास, तरी पाय वर केलेस. मुलगी झालेली होती ना. नाल्यापुढे थोडं अंतर गेल्यावर गाडीनं धाप टाकली आणि बंद पडली. तू किका मारून मारून थकलास. ऊन असं की पानं करपत होती. शेवटी गाडी झाडाखाली टेकवली, थर्मास डोक्यावर घेतला आणि चालत निघालास. मासाच्या गावी पोचलास तेव्हा थर्मासमधल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

गावानं गुरं बांधून ठेवलेली होती. सकाळपासून वाट पाहत होते. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर सुया मारून मोकळा झाला असता, कोणाला कळणार होतं? तू त्यांना सांगितलंस की ही लस खराब झाली, टोचून उपयोग नाही, मी ताजी घेऊन येतो. मासा तेव्हा तुझ्याच वयाचा होता, गावात मराठी त्यालाच जास्त येत होती. त्यानं ते गावाला समजावलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच आपली बैलबंडी जुंपून तुझी गाडी नदी ओलांडून दवाखान्यात आणून टाकली. ती पांढऱ्या बैलांची जोडी मला आठवते. डाव्याचं एक शिंग खाली वळलेलं होतं. मासा गाडी उतरवताना त्यांच्याशी माडियात काहीतरी बोलत होता आणि तू त्यांच्या पाठीवर थापा मारत होतास.

तू आंघोळीला नदीवर गेलास. माझा ताप उतरला होता. मी उठून गाडीपाशी गेलो, कारण मला तो धूर आठवत होता. दोन बाजूंना विटा लावून गाडी सरळ उभी केली आणि काडी काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर. हवेचा फिल्टर खोलला, तो ऑइलमध्ये भिजून गच्च झालेला. प्लग काळा आणि ओला. पाणी शिरलं असतं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं असतं. ते स्वच्छ होतं, मधासारखं. पाण्याचा थेंबही नव्हता, शालिक. इंजिनाला श्वास घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती.

बैलांना औषध पाजायची मोठी पिचकारी आपल्याकडे होती. तिला रबरी नळी लावली आणि काडीच्या भोकातून जास्तीचं ऑइल ओढून काढलं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरलं, बाटली अर्ध्याच्या वर भरली. फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन वाळवला, प्लग घासला. दोन-तीन किकांत गाडी सुरू झाली. थोडा वेळ धूर निघाला, मग थांबला.

आवाज ऐकून तू ओल्या अंगानं, खांद्यावर टॉवेल टाकून धावत आलास. चेहरा लहान मुलासारखा. विचारलंस, "पाणी काढलंस?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. सारा जन्म ज्यात गेला ते खोटं एवढंच आहे. त्या क्षणी ते फार मोठं वाटलंही नव्हतं. तुझी गाडी चालू झाली होती, तू खूश होतास, आणि तुझ्या नव्या गाडीला माझ्या वेंधळेपणानं काय झालं हे सांगायची मला लाज वाटली. मनात म्हटलं, नंतर सांगू, हसू दोघं. ऑइलची बाटली मी कपाटामागे ठेवली.

ताजी लस येईपर्यंत पाऊस लागला. पर्लकोटा चढली. त्या वर्षी ती उतरणारच नाही असं वाटत होतं. तू रोज काठावर जाऊन उभा राहायचास. त्या पुरात डोंगा घालून पलीकडे न्यायला कोणी तयार होत नव्हतं. पाणी ओसरल्यावर पहिली बातमी आली ती मासाच्या गावाहूनच, मासाच घेऊन आला. घटसर्प आला होता. गळे सुजले, घरघर लागली आणि गुरं एका रात्रीत गेली. मासाची पांढरी जोडीही गेली, रोवणीच्या ऐन दिवसांत. पुढे त्यानं आणि त्याच्या बायकोनं कुदळीनं धानाची बांधी उकरली.

वरून साहेब चौकशीला आले. मी बाजूला उभा होतो. तू कोणी विचारण्याआधीच सांगून टाकलंस, "साहेब, माझी चूक आहे. गाडी मी मस्तीत पाण्यात घातली. इंजिनात पाणी गेलं." तुझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडला. बढती माझी आधी झाली आणि तुझी खूप नंतर. माझी झाली तेव्हा तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, पार्टी पाहिजे. मी तुला पार्टी दिली, शालिक. तू दोन वेळा भात मागून घेतलास.

तेव्हा का बोललो नाही? हे मी स्वतःला किती विचारलं आहे. लाजेतून बोललेला एक शब्द होता, त्यावर आता बैल मरून पडले होते. सांगायचं तर आता गाडीचं नाही, बैलांचं सांगावं लागलं असतं. नोकरी नवी होती. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं. ही कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरत नाही.

तेव्हापासून तू पाण्यात गाडी घातली नाहीस. घोटाभर असो, बोटभर असो, नाल्याच्या अलीकडे थांबायचं, गाडी बंद करायची, चपला काढायच्या आणि ढकलत न्यायचं. आपल्या भागात नाले किती! मी मागे बसलेला असलो की मीही उतरायचो आणि मागून ढकलायचो. निदान तेवढं मी केलं. कुंदावहिनी साडी सावरत तुझ्यामागे पाण्यात उतरायच्या आणि म्हणायच्या, यायच्यासोबत लग्नाले जाणं म्हणजे तीर्थाले जाणं. प्रज्ञा लहानपणी समजायची की असाच नियम असतो, पाणी आलं की सगळ्यांनी उतरायचं असतं. पुढे तिनं स्वतः स्कूटी घेतली तेव्हा पहिल्याच पावसात रस्त्यावरच्या डबक्यापाशी उतरून उभी राहिली. मागच्या लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा तिला कळलं. ही गोष्ट तूच मला सांगितलीस, पोट धरून हसत. मी त्या रात्री जेवलो नाही.

एकदा तर देवानं संधी ताटात वाढून दिली होती. तू आणि मी दोघंही तेव्हा कुरखेड्याला होतो. बाजारातल्या गॅरेजवाल्या पोराशी तुझा वाद लागला. तो म्हणत होता, काका, नाल्यातून गेल्यानं इंजिनच्या आत पाणी जात नाही हो, पाणी पार वरच्या फिल्टरापर्यंत चढा लागते, तवा कुठी. तू ऐकेनास. शेवटी माझ्याकडे वळलास. "मदू, तूच काढलं न पाणी? सांग याले."

पोरगा माझ्याकडे पाहत होता. तू पाहत होतास.

"होतं थोडंसं," मी म्हणालो.

पहिला 'हो' लाजेचा होता. हा नव्हता. हा मी विचार करून बोललो. तू पोराला म्हणालास, पाह्य, आन् मला चहा पाजलास.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना माझं एक सांगणं आहे, आणि पुस्तिकेत ते शोभत नसलं तरी प्रज्ञानं ते काढू नये. ऑइल पाहताना गाडी सपाट जागी, सरळ उभी करा. इंजिन थोडं निवू द्या. काडी पुसून मग बुडवा आणि कशी बुडवायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं की बस. जास्त झालं, धूर मारू लागली, जड चालू लागली, तर दामटू नका. खालचा नट सैल करून किंवा नळीनं जास्तीचं काढून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि चूक तुमची असेल तर त्याच अर्ध्या तासात सांगूनही टाका. नंतर ते निघत नाही.

आपली बदली झाली, पुन्हा झाली. तू कुठंही असलास तरी मृगाच्या आधी मासाच्या गावाला जायचा राहिला नाहीस. ते गाव दुसऱ्याच्या हद्दीत गेलं, तरी रजा टाकून जायचास, त्या पर्यवेक्षकाच्या बरोबर उभा राहून एकेक जनावर टोचून घ्यायचास. निवृत्त झाल्यावरही. मी काही वेळा आलो. मासा आंबील द्यायचा, तुम्ही दोघं अर्धं मराठी अर्धं माडियात तासन्‌तास काय बोलायचात देव जाणे. मी बाजूला बसून त्याच्या रिकाम्या दावणीकडे पाहत राहायचो. पुढे ती भरली, तरी मला रिकामीच दिसायची.

गडचिरोलीच्या दवाखान्यात तुला शेवटचं भेटलो तेव्हा ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्यही जुळवलं होतं. तुझ्या नाकात नळी होती. वहिनी बाहेर गेल्या. मी म्हणालो, शालिक, त्या गाडीबद्दल एक सांगायचं होतं. तू डोळे उघडलेस. "कोणती गाडी? मासाच्या बैलायवाली?"

तुझ्या लेखी त्या गाडीचं नावच ते झालं होतं. काळी नाही, लाल पट्ट्याची नाही. तुझ्या वडिलांनी हात फिरवलेलीही नाही.

मग तूच बोलत राहिलास. म्हणालास, औंदा मासाकडे जाणं झालं नाई. तू जाशीन का? मी जाईन म्हणालो. तू डोळे मिटलेस. सांगितलं असतं तर तुला सुटल्यासारखं वाटलं असतं, की शेवटच्या दिवसांत मित्रही गमावल्यासारखं? हा वाद मी आता रोज तुझ्याशी घालतो. एकदा तू जिंकतोस, एकदा मी. खरं म्हणजे मी तेव्हा तुझा विचार करतच नव्हतो. नळ्या लावलेल्या माणसाच्या डोळ्यांत मला माझ्याबद्दल काय दिसेल, याची भीती होती.

परवा मांडव उठल्यावर वहिनींना आणि प्रज्ञाला मागच्या खोलीत बसवून मी सगळं सांगितलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, मले काय सांगता? त्यायले सांगाचं होतं." आणि उठून चुलीकडे गेल्या. मला चहा आला नाही, शालिक. तुझ्या घरात पहिल्यांदाच. प्रज्ञा मात्र तिथेच बसली. तिला मी खांद्यावर खेळवलं आहे. ती म्हणाली, "काका, मी जन्मले म्हणून बाबांनी त्या दिवशी पाय वर केले, त्याच्यानं बैल मेले, असं बाबा एकदा बोलले होते. मजेत बोलले, पण मी ते विसरले नाही." मग म्हणाली, "हे लिहा. जसं आहे तसं. आणि मासाकाकांकडे स्वतः जा."

गेलो. आता पर्लकोटेवर उंच पूल झाला आहे. नाल्यांवरही रपटे, ठेंगणे सिमेंटचे पूल, झाले आहेत. मासाच्या अंगणात त्याच्या नातवाची मोटारसायकल उभी होती. मासाला नीट दिसत नाही. आवाजावरून त्यानं मला ओळखलं आणि पहिलं विचारलं, शालिक कुठी आहे? तू गेल्याचं त्याला मीच सांगितलं. तो दाराकडे वळला. आत सुनेला माडियात काहीतरी म्हणाला, ती दारात येऊन उभी राहिली. मला म्हणाला, बस. मी म्हणालो, आधी ऐकून घे, मासाभाऊ. आणि उभ्यानंच सांगितलं. ऑइल, काडी, पिचकारी, सगळं. घरात गाडी असल्यामुळे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे पाणी नाई. तेल," तो म्हणाला.

"तेल. मी टाकलेलं."

"आन् त्याले मालूम नव्हतं."

"नाही."

त्यानं शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. त्या घेऊन मी परत गेलो असतो. त्यानं विचारलं, "मंग तो दर साल काऊन येत होता?"

मी म्हणालो, त्याच्यासाठीच. तुझ्या बैलांचं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

मासाचा चेहरा उतरला. बैल गेल्याचं सांगायला आलेल्या दिवशीही तो असा दिसला नव्हता. म्हणाला, "बैल तर मेले, होऊन गेलं. मी त्याले कधी बोललो नाई. मले वाटे, त्याले आमच्या इथी बरं वाटते, म्हणून येते."

तुझं नाव साफ करायला मी गेलो होतो, आणि त्याच्या हातातला मित्र काढून घेतला होता. पुन्हा एकदा नको तेवढं ओतलं होतं.

तोच पुढे म्हणाला, स्वतःशीच बोलल्यासारखा, "मंग थंडीत काऊन येत होता? थंडीत तर सुई नाई आणत होता. दोन दोन दिवस राहे. शेकोटीजवळ बसे."

थंडीत? शालिक, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या आयुष्यातलं मला ठाऊक नसलेलं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस, वहिनींनाही नसावंस. मी तिथे उभा होतो आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच, समोरच्याला बरं वाटावं म्हणून मला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"थंडीत टोचणी नसते, मासाभाऊ," मी म्हणालो. "थंडीत बैलांसाठी कोणी येत नाही."

त्यानं अंगणाकडे तोंड वळवलं. मग बाजेवर थोडा बाजूला सरकला. तुझी जागा असावी ती. मी बसलो.